टॉवर बंद पडल्यावर निरोप कोण पोचवणार?

मा. संपादक, स.न.

2019 च्या ऑगस्टमधे निपाणीशेजारच्या यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, वाहतूक थांबली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण आमच्या घरात आठवण आहे ती बंद पडलेल्या फोनची. माझी अक्का सदलग्याजवळच्या एका खेड्यात असते, तिकडं लाईट गेली, मग टॉवरची बॅटरी उतरली आणि पुढचे दोन दिवस ती माणसं माळावर गेलीत की घरातच अडकलीत काहीच कळेना, आई जेवली नाही दोन दिवस.

तेव्हापासनं मी हॅम रेडिओबद्दल वाचतोय, म्हणजे सरकारी लायसन काढून हौसेनं चालवायचा, बोलायचा नि ऐकायचा बिनतारी सेट. दोन झाडांना बांधलेली वीसेक मीटर तार, गाडीची 12 व्होल्टची बॅटरी आणि सेट, एवढ्यावर 7 मेगाहर्ट्झवरनं शेकडो किलोमीटर बोलता येतं, मधे टॉवर लागत नाही. हातातला छोटा 144 मेगाहर्ट्झचा सेट चिकोडीच्या सपाट भागात चालेल, पण खानापूरकडं कणकुंबी-जांबोटीच्या डोंगरात तो अडतो, तिथं वर आकाशातनं परतणारी 7 ची लहरच पाहिजे. 2004 च्या त्सुनामीत हॅमवाल्या भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती योगायोगानं पोर्ट ब्लेअरला रेडिओ घेऊन होते, त्यांनी कितीतरी घरांना आपली माणसं जिवंत आहेत हे कळवलं. आणि हे लोक एक रुपया घेत नाहीत, लायसनचा नियमच तसा आहे.

म्हणून तालुका प्रशासनाला विनंती, पावसाळ्याआधीच्या पूर बैठकीला लायसनवाल्यांना बोलवा. एक जण तहसीलदार कचेरीत, एक निवारा केंद्रात, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर भेटायचं ते आधीच ठरलेलं, आणि उन्हाळ्यातच एकदा तालीम करून बघा, पाणी आल्यावर तार कुठं बांधायची हे शोधत बसायला वेळ नसतो. गावातला निरोप मराठीत येणार आणि कचेरीला तो कन्नडात द्यावा लागणार, तेव्हा दोन्ही भाषा येणारी पोरं पाहिजेत, ती आपल्याकडं घराघरात आहेत. कोल्हापूर-सांगलीच्या हॅमवाल्यांशीही आधीच बोलून ठेवा, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरनं येणारं पाणी त्यांना आपल्याआधी दिसतं.

कॉलेजच्या मुलांनो, हॅम लायसनची परीक्षा केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग घेतो, वय 12 पूर्ण असलं की बसता येतं आणि खालच्या ग्रेडला मोर्सही (टिकटिक करून निरोप धाडायची खुणांची लिपी) लागत नाही. मी स्वतः अभ्यास सुरू केलाय, निपाणीत कुणाला सोबत बसायचं असेल तर रविवारी सकाळी बसू.

- एक वाचक, निपाणी