आधी आवाजाचा माणूस ठरव

पुणे,
भाद्रपद वद्य पंचमी

प्रिय नंदू,

तुझ्या फिल्मचं अनुदान मंजूर झाल्याचं वाचलं आणि मनापासून आनंद झाला. दशावताराची अख्खी रात्र, आड दशावतारापासून, म्हणजे सुरुवातीच्या पूर्वरंगापासून, पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत, सलग चित्रित करायची हे तू किती वर्षं घोकतो आहेस, ते तुला, मला आणि बापूलाच ठाऊक. माझी पाठ आता बरी आहे, पट्टा सुटला. औषधं चालू आहेत.

तू पाठवलेली माणसांची यादी वाचली तेव्हापासून मात्र चैन नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. दोन कॅमेरामन, ड्रोनवाला, दोन सहायक, फोटोंना मेहुणा, आणि सगळ्यांत खाली ‘साउंड – बघू’. नंदू, या ‘बघू’वरच तुझी सगळी फिल्म उभी आहे रे.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, पण संवाद नट जागच्या जागी रचतो. त्या रात्री जे बोललं गेलं ते पुन्हा तसं कधीच बोललं जाणार नाही. चित्र बिघडलं तर दुसऱ्या कॅमेऱ्याचं घेता येतं, प्रेक्षकांकडे कापता येतं. आवाज बिघडला तर डबिंग कशावरून करणार? नटालाच आठवत नसतं आपण काय बोललो ते. म्हणून यादी उलटी कर. आधी आवाजाचा माणूस, मग गावातला माणूस, मग एडिटर, आणि त्यानंतर कॅमेरे.

रेकॉर्डिस्ट निवडताना त्याच्याकडे कुठला रेकॉर्डर आहे हे शेवटी विचार. आधी विचार, रात्रभराचं भजन, कीर्तन, तमाशा, नाटक यांपैकी काही त्याने जागेवर रेकॉर्ड केलंय का. मालिकेच्या सेटवर बूम, म्हणजे काठीवरचा माइक, धरणारा माणूस वाईट नसतो, पण तिथे चुकलं की रीटेक मिळतो. त्याच्यासमोर ही परिस्थिती मांड: वादक मंचाच्या कडेला, मृदंग आणि झांज नटाच्या आवाजापेक्षा मोठी, नट एका बाकड्याभोवती सतत फिरता, युद्धाच्या प्रवेशात तलवारी आणि पायांची धमक, आणि समोर जमिनीवर बसलेली लहान मुलं. मग विचार, माइक कुठे लावशील? ‘सगळ्यांना लेपल, म्हणजे कपड्याला टाचायचे छोटे माइक, लावू’ म्हणाला तर नको. घाम, रंग, दागिन्यांचा खळखळाट आणि मधेच बदलणारे वेश यांत लेपल टिकत नाही. एखाद्या मुख्य पात्राला लावून बघायला हरकत नाही, पण भिस्त ठेवायची मंचासमोरच्या दोन डाव्या-उजव्या माइकांवर, पायपेटी आणि मृदंगासाठी एकेक वेगळा, प्रेक्षकांसाठी एक जोडी, आणि मंडपाच्या मिक्सरमधून एक वेगळी लाइन. असं उत्तर देणारा माणूस सापडला की पैशासाठी घासाघीस करू नकोस. आणि त्याला एक मदतनीस दे. सहा तास एकट्याने मीटरवर नजर ठेवून माइकही हलवणं होत नाही.

मिक्सरच्या त्या लाइनबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बरेच जण इथेच फसतात. मंडपवाल्याचा मिक्सर एका वायरवर, तुमचा रेकॉर्डर दुसऱ्या सॉकेटवर, की दोन अर्थिंगमुळे पन्नास हर्ट्झची घरघर शिरते. मध्ये ही जोडणी तोडणारा डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि रेकॉर्डर बॅटरीवर चालवायचा. दुसरं, ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सणावारी १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. आख्यान रंगतं ते मध्यरात्रीनंतर. म्हणजे मंडपाचे माइक मधेच बंद झाले तर मिक्सरच्या भरवशावर बसलेल्या माणसाच्या हाती शून्य. तुझा माणूस दोन्हीला तयार हवा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. ‘३२ बिट फ्लोट आहे, काळजी नको’ असं कोणी म्हणेल. त्याने लेव्हल सांभाळली जाते, चुकीच्या जागी ठेवलेला माइक सुधारत नाही.

हिशेबच बघ. आठ ट्रॅकचा रात्रभराचा, म्हणजे सहा तासांचा, आवाज भरतो साधारण २५ जीबी. दोन कॅमेरे १०० मेगाबिटवर तेवढाच वेळ चालले तर ५४० जीबी. त्या २५ जीबीसाठी तुझ्या यादीत माणूसच नाही!

आता गावातला माणूस. इथे आपलं जुनं भांडण पुन्हा निघणार. तू म्हणशील, ‘मी सावंतवाडीचा, मला कोण कशाला हवं?’ अरे, तू सावंतवाडीचा आहेस, पण त्या रात्री तू मॉनिटरसमोर असशील. देवस्थान कमिटीशी, मानकऱ्यांशी, दशावतारी कंपनीच्या मालकाशी बोलणारा, लाइट गेली तर जनरेटरवाल्याला उठवणारा, गाभाऱ्याच्या कुठल्या पायरीपुढे कॅमेरा न्यायचा नाही हे सांगणारा माणूस वेगळा हवा. रंगपटात कोणी जायचं हेही त्यानेच नटांना विचारून ठरवायचं. स्त्रीपार्टी नट रंग लावत बसलेला असताना तिथे एकच माणूस, एक कॅमेरा, वेगळा लाइट नाही. चार जण घुसले की तो नट पाठ करून बसेल, आणि बसावंच.

शिवाय एक टिपणवाला हवा. मालवणी ऐकून समजणारा, पुराणातली आख्यानं माहीत असलेला. वही घेऊन बसायचं आणि घड्याळ बघून लिहायचं: १:१०, नारदाचा प्रवेश, १:२५, राजाचं लांब पद, प्रेक्षकांची दाद, १:४०, माइक बंद. कॅमेऱ्यांची आणि रेकॉर्डरची वेळ त्याच्या घड्याळाशी संध्याकाळीच जुळवून ठेवायची. या वहीमुळे एडिटरचे आठवडे वाचतात. संवादांचं लेखन करताना एका तासाच्या आवाजाला चार-पाच तास सहज जातात, आणि संकासुर या राक्षसपात्राचे विनोद मालवणी न कळणाऱ्याने उतरवले तर पुढची सबटायटलं वाचवत नाहीत. पेडण्याच्या बाजूला नाटक बघणारे जुने प्रेक्षक तुझ्या ओळखीत आहेत. त्यांच्यातला कोणी तयार होतो का बघ. मानधन दे, नुसता चहा नको.

एडिटर तू ‘नंतर बघू’ म्हणतोस. नंतर नको. एडिटरला रेकीला, म्हणजे आधी जागा बघायला, नेता आलं नाही तरी चित्रीकरणाआधी एक दिवस त्याच्याबरोबर बस. त्याला काय लागणार ते त्यानेच सांगावं: बाकड्याचे जवळचे शॉट, वादकांचे हात, झोपलेली मुलं, मंडपाबाहेरची खाज्याची दुकानं, आणि दोन मिनिटांची कोणी न बोलता घेतलेली मोकळ्या मंडपाची शांतता. ही शांतता नसली की दोन तुकडे जोडताना आवाजात खड्डा पडतो. करारात बदलांच्या फेऱ्या लिही, तीन पुरेत. नाहीतर तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू शिमग्यापर्यंत त्या बिचाऱ्याला सोडणार नाहीस.

कॅमेरामनची निवड करताना शोरील बघू नकोस. शोरीलमध्ये तीन सेकंदांचे सुंदर तुकडे असतात आणि तुला हवा आहे सहा तास न हलणारा हात. दोघांनाही सांग, ‘रात्रीच्या एखाद्या कार्यक्रमाचं न कापलेलं वीस मिनिटांचं फुटेज दाखव.’ त्यात बघ, नट अचानक बाजूला गेला तर हा घाईत झूम मारतो की थांबून मग हळू पॅन करतो. फोकस सुटला तर किती वेळात परत येतो. संकासुर काळ्या वेशात, मागे काळोख, आणि वरून पांढऱ्या एलईडीचा भडका. त्यात काळा वेश काळोखात मिसळू न देता बाकीच्या नटांचे रंगवलेले चेहरे जळू न देणं हीच परीक्षा. ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्सवर काम करणाऱ्याला घरी पाठव. २५ फ्रेम, शटर १/५०, हे दोन्ही कॅमेऱ्यांवर सारखं. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटचा लपलपाट येत नाही. स्वस्त रंगीत एलईडी तरीही लपलपतात, म्हणून रेकीला कॅमेरा नेऊन मंडपवाल्याचे खरे दिवे लावून बघा, आणि गरज पडली तर दोन दिवे भाड्याने आपलेच लावा, नटांच्या डोळ्यांवर न येतील असे.

काही कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात, काही तापून बंद पडतात. तुझ्या दोघांचे कॅमेरे यात बसतात का ते आधी विचार. दोन्ही एकदम थांबवायचे नाहीत, कार्ड बदलायची वेळ वेगवेगळी ठेवायची. १२८ जीबीचं कार्ड या दराने जेमतेम पावणेतीन तास पुरतं. आणि इतक्या लांब टेकला कॅमेरा आणि रेकॉर्डरची घड्याळं एकमेकांपासून सरकतात. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, दोन-तीन फ्रेम सरकल्या की ओठ आणि शब्द जुळत नाहीत. सगळ्यांची वेळ एकच ठेवणारे टाइमकोडचे डबे भाड्याने मिळतात, ते घ्या. नाहीच मिळाले तर दर तासाला, पदांच्या मध्ये, दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी.

डेटासाठी सहायकांपैकी एकाला बांधून टाक, त्याला दुसरं काम सांगायचं नाही. कार्ड निघालं की दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, चेकसम (प्रत मूळ फाइलसारखीच आहे का हे दाखवणारा आकडा) जुळल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, आणि दोन डिस्क दोन वेगळ्या गाड्यांत. तू तीन रात्री चित्रित करणार, त्यांचं मिळून दीड टीबीच्या वर जाईल, म्हणून चार टीबीच्या दोन डिस्क घे, तिसरी प्रत मुंबईला पोचल्यावर. साध्या फिरत्या डिस्कवर एका रात्रीची एक प्रत व्हायला तास-सव्वा तास लागतो, तेव्हा पहाटे लगेच निघायचं असं ठरवूच नकोस. निघताना ड्रायव्हर रात्रभर झोपलेला असला पाहिजे. जागलेला माणूस घाटात गाडी चालवणार नाही, ही अट करारात लिही आणि पाळ.

ड्रोनवाल्याला नाही म्हण. रात्री मंडपावर त्याचा आवाज आणि प्रेक्षकांच्या माना वर, दोन्ही नकोत. गावाचं एखादं दृश्य दिवसा हवंच असेल तर चिपीच्या विमानतळामुळे आधी ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा बघावा लागेल. ड्रोनच्या पैशांत रेकॉर्डिस्टचा मदतनीस सुटतो.

आणि आता जे लिहायला जड जातंय ते. यादीतले चौघं आपलेच आहेत आणि ते पैसे घेणार नाहीत असं तू अभिमानाने लिहिलंस. माणूस चांगला असला की काम निभतं, हे तुझं म्हणणं, आणि त्यावर आपण कॉलेजपासून भांडतोय. माझं मत अजून तेच. फुकट आलेला माणूस तिसऱ्या रात्री दोन वाजता झोपायला गेला तर तू त्याला काय बोलणार? कायद्याचंही ऐक: कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटाची मालकी करवून घेणाऱ्याची होते, दुसरा करार नसेल तर. मोबदलाच नाही तर स्वतःच्या कॅमेऱ्यावर काढलेलं फुटेज कोणाचं यावरून उद्या मैत्री जाईल. सगळ्यांना पैसे दे, थोडे का होईना, आणि लेखी घे. लेखी करारात मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांचेच धरले जातात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच. फिल्म परदेशी दाखवायची तर ही ओळ विसरू नकोस. कंपनीच्या नटांचाही कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क आहे. मालकाची एकट्याची सही पुरत नाही, प्रत्येक नटाची आणि वादकाची लेखी संमती घे, मराठीत, वाचून दाखवून. व्यावसायिक वापर झाला तर त्यांना रॉयल्टी मिळायला हवी, ती कशी मिळेल हे त्याच कागदावर येऊ दे.

एकूण माणसं आठ-नऊच्या वर नेऊ नकोस. मंडप लहान असतो आणि रात्र प्रेक्षकांची असते. मेहुण्याला फोटोंना ने, तो गुणी आहे, फक्त फ्लॅश घरी ठेवायला सांग. आपल्या चौघांपैकी कोणाला ठेवायचं ते तू ठरव. बापूला टिपणाला बसव असं माझं मत आहे. त्याचं अक्षर चांगलं आहे आणि तो झोपत नाही.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतील, म्हणजे हातात दोन महिने आहेत. रेकॉर्डिस्टसाठी मी इथे दोघांशी बोलून ठेवलंय, दोघांनीही नाटकं जागेवर रेकॉर्ड केली आहेत. तू हो म्हण, पुढच्या आठवड्यात तुझ्याशी गाठ घालून देतो. रेकीला त्यांच्यापैकी एकाला नेच. मंडपवाल्याच्या मिक्सरचा मागून काढलेला फोटोही लगेच पाठव, कुठली सॉकेट्स आहेत ते कळलं की केबल इथूनच बांधून देतो.

तुझ्या आईच्या मोतीबिंदूचं काय झालं? चिमीला अकरावीला कुठे मिळालं? वहिनींची बदली रद्द झाली का? सगळं एका ओळीत कळव, बाकीचा कागद टीमला वापर.

तुझा,
अण्णा