मॉरिशसची पहिली सहल आखून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आम्ही मुद्दाम उघडं लिहितो आहोत. लातूर, अंबाजोगाई, परभणी भागातल्या ज्या घरांना तुम्ही मॉरिशसची आखणी करून दिली, त्या सगळ्यांच्या वतीने हे आभार आहेत. आणि पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या इतरांनाही तुमचं सांगणं वाचायला मिळावं, ही इच्छा आहे. तुम्ही आयुष्यभर भूगोल शिकवला. सहल आखतानाही तुम्ही आधी नकाशा, वारा आणि पाऊस समोर मांडलात, प्रेक्षणीय स्थळांची यादी नंतर काढलीत, आणि त्या यादीतली निम्मी नावं खोडलीत. त्या खोडण्याबद्दल आम्ही तुमचे सगळ्यात जास्त ऋणी आहोत.

मुख्य बेट जेमतेम 1865 चौरस किलोमीटरचं, म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की दोन रात्री उत्तरेला राहू, दोन दक्षिणेला, एक पूर्वेला. तुम्ही पहिल्याच बैठकीत दाखवलंत की मधे डोंगर आणि पठार आहे, रस्ते गावांमधून वळसे घेत जातात, आणि राजधानी पोर्ट लुईच्या आसपास सकाळ-संध्याकाळ वाहनांची कोंडी होते. विमानतळ आग्नेय टोकाला माहेबूरजवळ आणि ग्रां बे थेट उत्तरेला, म्हणजे एका बाजूचाच प्रवास तास-सव्वा तासाचा. हॉटेल बदलायचं तर सामान बांधणं, खोली सोडणं आणि नवी खोली मिळेपर्यंत ताटकळणं यात अर्धा दिवस जातो. चार रात्रींच्या सहलीत असे दोन अर्धे दिवस गेले तर उरतं काय? म्हणून एकच मुक्काम, हा तुमचा पहिला नियम.

मुक्काम कुठे, हे तुम्ही वाऱ्यावरून ठरवायला शिकवलंत. संभाजीनगर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण जितक्या अंशांवर आहे, तितक्याच अंशांवर हे बेट दक्षिणेला आहे. त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे मे महिन्यात ऊन चाळिशी ओलांडतं तेव्हा तिथे हिवाळ्याची सुरुवात असते. मे ते ऑक्टोबर हा कोरडा, सौम्य काळ. याच महिन्यांत आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जोरात असतात, आणि ते पूर्व व दक्षिण किनाऱ्यावर आदळतात. मधल्या डोंगरांमुळे पश्चिम किनारा आडोशाला राहतो. म्हणून उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांना तुम्ही पश्चिमेचं फ्लिक आं फ्लाक सुचवलंत. पूर्वेकडचं इल ओ सेर हे छोटं बेट जाहिरातीत कितीही सुंदर दिसो, जुलै-ऑगस्टच्या वाऱ्यात तिथली बोट हेलकावे खाते आणि लहान मुलं-म्हातारी माणसं हैराण होतात. ते नाव तुम्ही निर्धास्त खोडलंत.

दिवाळीची सुट्टीही चांगली, कारण तेव्हा पाणी कोमट होऊ लागतं आणि वादळांचा जोर अजून सुरू झालेला नसतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण, दमट काळ. त्यातही जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे मुख्य महिने. तिथे वादळाच्या सूचना 1 ते 4 अशा वर्गांत देतात. तिसरा वर्ग लागला की सगळे व्यवहार थांबतात, चौथ्यात ताशी 120 किलोमीटरचे झोत सुरू झालेले असतात आणि बाहेर पडायचं नसतं. त्या महिन्यांत स्वस्त पॅकेज का मिळतं, याचं उत्तर या एका माहितीत आहे. चार दिवसांतले दोन खोलीत बसून जाण्याची शक्यता त्या स्वस्ताईत धरलेली असते.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, प्रवेश उतरल्यावर मिळतो. पण परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवण्याची तयारी हवी. शिवाय प्रवासाआधी त्यांच्या सरकारचा ऑनलाइन प्रवासी फॉर्म भरायचा. या सगळ्याची छापील प्रत हाताच्या पिशवीत ठेवायची, हे तुम्ही बजावलंत, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेत संपते.

आपल्याकडे खरी अडचण येते ती नावांची. आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि पहिली दोन नावं एकत्र दुसऱ्या रकान्यात असतात. तिकीट काढणारा आधार कार्ड पाहून नाव टाकतो आणि मधलं नाव गळतं, किंवा आडनावाच्या जागी नवऱ्याचं नाव बसतं. काही पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या आधारवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं, हे तर घरोघरी आहे. तिकीट पासपोर्ट समोर ठेवूनच काढायचं आणि अक्षर न् अक्षर बोटाने ताडून बघायचं, ही तुमची शिस्त होती. लहान मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच असतो, त्यामुळे मोठ्यांचा चालू आहे म्हणून मुलांचाही असेल असं धरू नये. मोठ्यांचा नवा काढायचा तर 36 पानांच्या साध्या पासपोर्टला 1500 रुपये, तत्काळला वर 2000. पोलीस पडताळणीला लागणारा वेळ लक्षात घेऊन तिकिटाआधी पासपोर्ट, हा क्रम.

थेट विमान मुंबईहून, सुमारे सहा तासांचं. घड्याळ तिथे दीड तास मागे. रेल्वेने सकाळी मुंबईत उतरायचं आणि त्याच दिवशीचं विमान पकडायचं हा बेत तुम्ही कुणालाच करू दिला नाहीत. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली गेले की गाडी कल्याणच्या अलीकडे तासन्तास उभी राहते, आणि विमान थांबत नाही. एक रात्र मुंबईत काढण्याचा खर्च हा तिकिटाचाच भाग समजायचा.

सामानाबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते कोणत्याही टूरवाल्याच्या पत्रकात सापडत नाही. पहिली गोष्ट औषधं. गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन; दोन्ही अफूच्या जातीची, सवय लावणारी द्रव्यं. मॉरिशसमध्ये अशा औषधांवर आणि झोपेच्या गोळ्यांवर कडक नियंत्रण आहे, आधी परवानगी न घेता नेली तर माणूस मोठ्या अडचणीत येतो. म्हणून प्रत्येक गोळीचं मूळ नाव डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्यायचं, शंका असेल ती गोळी डॉक्टरांकडून बदलून घ्यायची, बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पट्टीतच ठेवायच्या आणि इन्सुलिन हाताच्या पिशवीत घ्यायचं. डबीत सुट्या भरलेल्या गोळ्या कशाच्या आहेत हे तिथे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

दुसरी गोष्ट खाण्याची आणि पूजेची. जवारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे हे शिजवलेलं, कोरडं, नीट बंद केलेलं असेल तर न्यावं, आणि विचारलं तर लपवू नये. ताजी फळं, लिंबं, कढीपत्ता, बियाणं, रोपं, फुलं मात्र घरीच ठेवावीत. तिथल्या गंगा तलाव या पवित्र तळ्यावर वाहायला म्हणून बेलाची पानं आणि सोललेला नारळ नेणारे बरेच असतात. परवान्याशिवाय हे चालत नाही, आणि पूजेचं साहित्य तिथेही मिळतं. बेटावर एखादी नवी कीड शिरली तर तिला अडवायला दुसरं काही नसतं. 2016 साली तिथे जनावरांमध्ये लाळ्या-खुरकूत पसरला होता. आपल्या शेतकऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. म्हणून पेढे, खवा, मांस हेही नको.

बाकीचं थोडक्यात. तिथे तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग चालतो, आपला बसत नाही, तेव्हा अडॅप्टर इथूनच घ्यावा. त्यांचा रुपया आपल्या रुपयाहून महाग, साधारण पावणेदोन ते दोन पट, त्यामुळे किमतीची पाटी वाचून लगेच खूश होऊ नये. फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे, पण प्रत्येक दुकानात चालेलच असं नाही, म्हणून रोख आणि कार्ड दोन्ही हवं. गावाकडच्या बसगाड्या संध्याकाळी लवकर बंद होतात. 2020 मध्ये सुरू झालेली मेट्रो पोर्ट लुईहून पठारावरच्या क्युरपीपपर्यंत जाते, विमानतळ किंवा किनाऱ्यांकडे जात नाही. पाच-सहा माणसं असतील तर दिवसभराची टॅक्सी ठरवणं सोयीचं. दर बसण्याआधीच ठरवावा, थांबण्याचे आणि पार्किंगचे पैसे त्यात धरले आहेत का हेही विचारून घ्यावं.

आता दिवसांचा क्रम. बाई, तुमचं खरं कसब इथे दिसलं. उतरल्या दिवशी फक्त सिम, पैसे, मुक्काम आणि संध्याकाळी किनारा. दुसऱ्या दिवशी डोंगरभाग, पण सगळे जातात त्याच्या उलट क्रमाने. किनाऱ्याने सुरुवात करून शेवटी गंगा तलावावर जाणाऱ्यांना बहुतेक वेळा ढगच बघायला मिळतात, कारण दिवस चढला की समुद्रावरची ओली हवा पठारावर चढते आणि तिथे ढग-पाऊस होतो. गंगा तलाव उंचावर आहे, सकाळी गारवा आणि वारा असतो, एक स्वेटर हवाच. तलावाकाठी माकडं प्रसाद हिसकावतात, पिशव्या बंद ठेवाव्यात. तिथून ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या दऱ्यांचं दृश्य, मग शामारेलची सात रंगांची माती, आणि शेवटी ल मोर्नच्या पायथ्याशी किनारा. पश्चिमेला उतरल्यामुळे उजेडही शेवटपर्यंत मिळतो. जून-जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो हे ध्यानात ठेवावं लागतं. ल मोर्नचा डोंगर पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता, 2008 पासून तो जागतिक वारसा आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, असंही तुम्ही म्हणालात.

समुद्राचा दिवस तिसरा, आणि राखीव दिवस चौथा. वारा वाढला, बोट रद्द झाली, तर तिसऱ्या दिवशी पोर्ट लुई करायचं आणि समुद्र चौथ्यावर ढकलायचा. शहराला वाऱ्याशी देणंघेणं नाही, म्हणून त्यालाच राखीव ठेवायचं. अट एकच, या दोन दिवसांत रविवार येऊ नये, कारण पोर्ट लुईतला आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून करारावर आणलेले मजूर जिथे उतरले ती जागा, रविवारी बंद असतो. हे जमवण्यासाठी तुम्ही काही जणांची निघण्याची तारीखच बदलायला लावलीत. तो घाट चुकवू नये असाच आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाजातून 36 मजूर उतरले, आणि पुढे सुमारे पाच लाख माणसं करारावर आली. त्यात आपल्या कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांनी भाषा टिकवली, तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. कुणी मराठी बोलणारं भेटलं तर आनंदाने बोलावं, पण त्यांच्या घरी जेवणाचा हक्क असल्यासारखं वागू नये, ही तुमची सूचना आम्ही शब्दशः पुढे देतो. बाजाराबाहेर धोल पुरी जरूर खावी. ती पिवळ्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी असते, वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ आणि चटणी घालून जोडीने देतात, शाकाहारी माणसाचं पोट भरतं.

पाण्यात उतरण्याबद्दल तुम्ही फार कडक होता, आणि तसंच हवं. आपण धरण-विहिरीची माणसं, समुद्राचा अंदाज आपल्याला नसतो. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतलं पाणी उथळ आणि शांत. पण भिंतीला जिथे खिंड आहे तिथून पाणी बाहेर ओढलं जातं, तिकडे पोहत जाऊ नये. दक्षिणेला ग्री ग्रीजवळ ती भिंतच नाही, तिथे फक्त बघायचं. पायात रबरी बूट सक्तीचे, कारण तळाशी काटेरी समुद्री साळिंदरं आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश असतो. त्याचा काटा लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून लगेच दवाखाना गाठायचा. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी, केलं तर पुढचे 24 तास विमानात बसायचं नाही, म्हणूनही समुद्र शक्यतो तिसऱ्या दिवशीच. पोवळी-शंख उचलून आणायचे नाहीत, तो गुन्हा आहे. ब्लू बेमध्ये काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतात, पोहता न येणाऱ्यांनी तेवढ्यावर समाधान मानावं.

हे सगळं तुम्ही एक पैसा न घेता, प्रत्येक घरासाठी वेगळा कागद मांडून केलंत. कुणाच्या सासूबाईंचे गुडघे, कुणाच्या मुलाचा दमा, कुणाचं ठरलेलं बजेट, सगळं विचारून घेतलंत. ज्यांना परवडणार नाही असं दिसलं त्यांना तोंडावर तसं सांगितलंत आणि एक वर्ष थांबायला लावलंत. त्यांचेही आभार या पत्रात आहेत.

दिवाळीच्या सुट्टीसाठी परभणीची दोन घरं विचारत आहेत. पासपोर्ट, आधार आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घेऊनच तुमच्याकडे यायला त्यांना सांगितलं आहे. येत्या रविवारी सकाळी चालेल का, तेवढं कळवा.

तुमचे कृतज्ञ,
लातूर, अंबाजोगाई आणि परभणीची मंडळी