विषय : गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याचं बिल लावून काम अर्धवट केल्याबाबत

मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आज सकाळी तुमच्या माणसाने फोन मधेच ठेवून दिला. म्हणून हे लिहितो आहे. हा माझा पाचवा फोन होता.

माझा ट्रक ऑटोमॅटिक गिअरचा आहे आणि वर्षभर ट्रेलर ओढतो. ओझं ओढणाऱ्या गाडीचं ट्रान्समिशन ऑइल आणि फिल्टर ९६,००० किलोमीटरला बदला, असं तुम्हीच गाडीसोबत दिलेल्या पुस्तकात छापलं आहे. मी ९४,००० लाच गाडी तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला आणली. बिलावर तीन ओळी आहेत : ऑइल पूर्ण बदललं, फिल्टर बदलला, चेंबरचं (गिअरबॉक्सच्या तळाशी बोल्टने बसवलेल्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग बदललं. ऑइल ५ लिटर.

तुमच्या गिअरबॉक्सला एकूण साडेअकरा लिटर ऑइल लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. चेंबर रिकामं केलं तरी निम्म्याहून जास्त ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात), कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहतं. ५ लिटरमध्ये ‘पूर्ण बदल’ होत नाही, जुन्यात थोडं नवं मिसळतं. तेवढंच करायचं होतं तर बिलावर तसं लिहायला हवं होतं. मी तेही मान्य केलं असतं.

तीन आठवड्यांत गाडी बिघडली. गार असताना ‘डी’ला टाकली की दोन-तीन सेकंद जागची हलायची नाही, मग धक्का देऊन निघायची. चढावर ट्रेलर मागे असताना इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडीला ओढ मिळायची नाही. दोनदा फोन केला. पुढची तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. घसरणाऱ्या गिअरबॉक्सने तीन आठवडे माल वाहिला असता तर आतल्या क्लच प्लेटा जळून गेल्या असत्या. म्हणून मी बाहेरच्या, गिअरबॉक्सचंच काम करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी गाडी सपाट उचलली, इंजिन चालू केलं, ब्रेकवर पाय ठेवून सगळे गिअर एकेकदा फिरवले आणि ऑइल ४० अंशांवर आल्यावर लेव्हलचा प्लग काढला. ऑइल पुरेसं असेल तर तिथून बारीक धार लागते. एक थेंब आला नाही. जवळजवळ दीड लिटर भरल्यावर कुठे प्लगमधून बारीक धार लागली. गाडी थोडी सुधारली ती तिथेच.

हे कसं झालं तेही मला ठाऊक आहे. तुमच्याकडे काम चालू असताना मी काचेमागे उभा होतो. तुमच्या मुलाने इंजिन बंद ठेवूनच लेव्हल पाहिली. इंजिन बंद असलं की पंप थांबतो, वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि प्लगमधून लगेच बाहेर येतं. त्याला वाटलं भरलं. माझी तक्रार त्या पोरावर नाही, त्याला शिकवायचं काम तुमचं होतं.

मग मिस्त्रींनी मला खाली वाकून चेंबरचे बोल्ट दाखवले. कारखान्यातून येते ती पिवळ्या रंगाची रेघ, बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यावर उतरलेली, एकाही बोल्टवर तुटलेली नव्हती. ते बोल्ट कधी फिरलेच नव्हते. हात लावण्याआधी आम्ही सगळ्यांचे फोटो काढले. चेंबर उतरवलं तर आत पहिल्या दिवसाचा फिल्टर, काळा पडलेला, आणि झिजलेल्या लोखंडाचा चुरा धरायला चेंबरमध्ये बसवलेल्या चुंबकांवर बोटभर राखाडी चिखल. इतक्या किलोमीटरनंतर तो चिखल साचतोच, त्याचं काही नाही. पण चेंबर उघडणारा माणूस चुंबक पुसतो. तुम्ही फक्त ड्रेन प्लग सोडून ऑइल काढलं आणि न बदललेल्या फिल्टरचे, न लावलेल्या पॅकिंगचे पैसे घेतले.

आता आजचा फोन. सगळं ऐकून तुमचा अधिकारी म्हणाला, “साहेब, ते लाइफटाइम ऑइल आहे. बदलायची गरजच नव्हती.” मी म्हणालो, मग बदलल्याचं बिल कसं लावलंत? “ते तुमच्या मागणीवरून केलं.” पुस्तकात ९६,००० लिहिलंय, पान उघडून वाचू का, असं विचारलं. तर, “पुस्तक सगळ्या देशांसाठी एकच असतं.” लाइफटाइम म्हणजे किती किलोमीटर? उत्तर नाही. अकरा मिनिटं फोनवर संगीत. परत आला आणि म्हणाला, “तुम्ही गाडी बाहेर उघडलीत, आता वॉरंटी लागू नाही. आणि हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही मेकॅनिक आहात का?” मी म्हणालो, मी गाडीचा मालक आहे. त्यावर फोन बंद झाला.

बावीस वर्षं गाड्या चालवतो आहे. मेकॅनिक नाही, पण ज्या गाडीवर घर चालतं तिच्याखाली मी कित्येकदा झोपलो आहे. हा प्रश्न मला विचारला जाईल असं तुमच्या कंपनीकडून वाटलं नव्हतं. ही माझी तुमच्या कंपनीची दुसरी गाडी. माझ्या सांगण्यावरून तिघांनी तुमचीच गाडी घेतली. त्यांना आता काय सांगू?

फिल्टर बदललाच नव्हता, हे मी पुन्हा लिहितो, कारण पाचही फोनवर याचं उत्तर कोणी दिलं नाही.

मला हवं आहे ते असं : संपूर्ण बिल परत. मिस्त्रींच्या कामाचा खर्च. कमी ऑइलवर गाडी तीन आठवडे चालली, त्यामुळे क्लचचं आणि पंपाचं काय झालं याची तुमच्या खर्चाने तपासणी, माझ्या समोर. आणि पुढे या गिअरबॉक्सला काही झालं तर वॉरंटी लागू राहील असं लेखी पत्र.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ग्राहक न्यायालयात जाणार आहे. जुना फिल्टर पिशवीत बांधून ठेवला आहे, चुंबकही पुसलेले नाहीत. बिलाची आणि बोल्टच्या फोटोंची प्रत सोबत जोडली आहे. कृपया फोन करू नका.

आपला,
ट्रकमालक