झाकण नव्हे, व्हॉल्व्ह

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

गाडीचं काय झालं म्हणून तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत, पण मागे आईचा कुकर शिट्ट्या मारत होता. म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला पी ०४५५. म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेत मोठी गळती. टाकीतली वाफ हवेत जाऊ द्यायची नाही, कोळशाच्या डब्यात धरून ठेवायची आणि इंजिन चालू असताना ओढून जाळायची, अशी सोय असते. तुमच्या डिझेलच्या एसटीला ही भानगडच नव्हती. जो तो म्हणाला, टाकीचं झाकण बदल. बदललं, कोड पुसला. आठवड्यात दिवा परत हजर.

डेपोत ड्रायव्हर तक्रार घेऊन आला की तुम्ही पहिलं विचारायचात, "कधी करते?" मी स्वतःला ते विचारलंच नव्हतं! गाडी एरवी एका सेल्फात सुरू होते. पेट्रोल भरून पंपावरून निघताना मात्र कुंथते. तिथेच उलगडा झाला. डब्यातली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. टाकी भरताना उठलेली वाफ थेट इंजिनात, मग ते गुदमरणारच. करंट नसताना हा व्हॉल्व्ह घट्ट बंद हवा. काढला, रबरी नळी लावून फुंकला, तर हवा आरपार! नवा बसवायला वीस मिनिटं लागली.

पण सुटका नाही. इथे दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे प्रदूषणाची तपासणी, त्याशिवाय रजिस्ट्रेशन होत नाही. कोड पुसला की गाडीतल्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात, त्या गाडी चालवून पुन्हा पुऱ्या व्हाव्या लागतात. शिवाय माझी गाडी २०१२ ची. २०१० पासूनच्या गाड्यांत एक कायमचा कोड राहतो, तो स्कॅनरला दाद देत नाही. बिघाड गेल्याची खात्री पटली की कॉम्प्युटरच तो काढतो. वाफेची चाचणी तर आणखी नखरेल: टाकी साधारण पाव ते पाऊण भरलेली हवी, गाडी रात्रभर थंड झालेली हवी. नऊ दिवस पेट्रोलच्या काट्याकडे बघत ऑफिसला गेलो. काल पास झाली.

जुना व्हॉल्व्ह ठेवलाय. डिसेंबरात येताना आणतो, तुम्हीही फुंकून बघा. आईला मात्र सांगू नका, मी पेट्रोलची नळी तोंडाला लावली म्हणून.

तुमचा,
बाळू