चिमणीच्या रिपोर्टात कामगाराचा श्वास नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या ॲनोडायझिंग युनिटमध्ये (जिथे ॲसिडच्या हौदात वीज सोडून ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवतात) ‘हवा तपासली का?’ असे विचारले, की बहुधा कारखान्याच्या चिमणीचा रिपोर्ट पुढे केला जातो. बाहेर काय गेले ते त्यात असते. हौदावर वाकून जिग, म्हणजे माल टांगलेली चौकट, उतरवणाऱ्याच्या नाकात काय गेले, ते नसते.

करंट चालू झाला की बाथमध्ये, म्हणजे हौदातल्या ॲसिडमध्ये, हायड्रोजन-ऑक्सिजनचे बुडबुडे उठतात आणि वर येऊन फुटताना ॲसिडचे बारीक तुषार उडवतात. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाहीत. समोरच्या दातांची कड आधी पातळ होते, कारण बोलताना तेवढेच दात उघडे पडतात. सल्फ्युरिक ॲसिड असलेल्या अशा तुषारांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. धोका मुख्यतः स्वरयंत्राला.

मोजणी अंगावरच व्हायला हवी. हवा ओढणारा छोटा पंप कमरेला, फिल्टरची प्लास्टिकची डबी कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर. फिल्टर क्वार्ट्झचा किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा). मिनिटाला २ लिटर धरले तर ८ तासांत ९६० लिटर हवा. प्रवाह आधी आणि नंतर, फिल्टर जोडलेला असतानाच तपासावा. ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर तो नमुना टाकून द्यावा. प्रयोगशाळेला एक गोष्ट बजावून सांगावी लागते: डबीच्या आतल्या भिंतीला चिकटलेले थेंबही धुऊन घ्या. नाहीतर आकडा फसवा, कमी येतो. उलट, आयन क्रोमॅटोग्राफी या प्रयोगशाळेतल्या पद्धतीत ॲसिड नव्हे, सल्फेट मोजले जाते, त्यामुळे बाथमधले ॲल्युमिनियम सल्फेटही ॲसिडच्या खात्यात जाते आणि आकडा थोडा चढतो. ती चूक चालेल, पहिली नाही.

१९८७च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात सल्फ्युरिक ॲसिडसाठी घनमीटर हवेला १ मिलिग्रॅमची मर्यादा आली. अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संस्थेची शिफारस ०.२ची. आमच्या मते ०.२ हेच लक्ष्य धरावे.

आता उपाय. मे महिन्यात हौदाकडे तोंड करून लावलेला पेडस्टल पंखा आधी हलवा. तो उडालेले तुषार पलीकडच्या माणसाच्या तोंडावर नेतो आणि तुषार खेचून घेणाऱ्या शोषण-यंत्रणेची ओढ मोडून काढतो. ताजी हवा कामगाराच्या पाठीमागून, सावकाश यावी. हौदावरचा, हवा वर खेचणारा छत्रीसारखा हूडही घातकच: वाकलेले डोके बाथ आणि हूड यांच्या मधोमध येते, म्हणजे तुषार नाकावरूनच वर जातात. त्यापेक्षा काठावर अरुंद फटींचे शोषण हवे. हौद दीड फुटापर्यंत रुंद असेल तर एका बाजूने भागते, तीन फुटांना दोन्ही बाजू लागतात, चार फुटांपलीकडे एका काठाने हवा ढकलून दुसऱ्याने ओढावी लागते. फटींत क्षारांचे खडे साचतात. शोषणाचा पंखा घरघरत राहतो, ओढ मात्र गेलेली असते. त्यामुळे दर आठवड्याला फटी खरवडून स्मोक ट्यूबने (ज्योतीशिवाय धूर सोडणाऱ्या नळीने) ओढ पाहावी. उदबत्ती लावून पाहू नये, बाथवर हायड्रोजन असतो. पृष्ठभागावर पॉलिप्रॉपिलीनचे गोळे सोडले तरी बरेच तुषार दबतात आणि खर्च फार नाही.

मोजणीचा कागद ऑफिसच्या फाईलमध्ये ठेवू नये. ज्याच्या कॉलरला डबी होती त्याला वाचता येईल असा, गुजराती-हिंदीत, हौदाशेजारी लावावा.

आपला,
एक वाचक, मांजलपूर, वडोदरा