केशराचे दूध आणि फॉलिक ॲसिडची गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात वधू-वर सूचक जाहिरात देण्यासाठी गेल्या आठवड्यात मी भाचीकरिता अर्ज आणला. त्यात नाव, जन्मतारीख आणि उंची यांच्यानंतर ‘वर्ण’ असा रकाना आहे. शिक्षण आणि नोकरी त्याच्या खाली येतात. भाची सावळी आहे. ‘रंगाने जरा डावी आहे खरी, पण गव्हाळ लिहून टाक,’ असे घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी सुचवले, तेव्हा ती समोरच बसली होती. २८ वर्षे माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारखीला तो रकाना भरवला नाही, म्हणून हे पत्र.

त्याच महिन्यात नात्यातील एका डोहाळजेवणाला गेले होते. बाळ उजळ व्हावे म्हणून सासूबाईंनी गर्भवतीला केशराचे दूध दिले आणि ते संपल्यावर, पाण्याच्या घोटाबरोबर, आरोग्य केंद्रातून मिळालेली लोह व फॉलिक ॲसिडची गोळीही आठवणीने घ्यायला लावली. दोन्ही गोष्टी मायेनेच केलेल्या होत्या. मात्र त्या गोळीतील द्रव्याचा आणि काळ्या रंगाचा संबंध त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हता, आणि तो शाळेत पुरेशा आग्रहाने सांगितला जात नाही ही माझीही खंत आहे.

चिंपांझीच्या दाट केसांखाली आजही फिकी कातडी दिसते. आपल्या फार दूरच्या पूर्वजांचीही तशीच असावी. आफ्रिकेच्या उघड्या माळरानावर चालता-धावताना शरीर थंड ठेवण्यासाठी घाम येणे गरजेचे झाले, अंगावरचे केस विरळ झाले, आणि उघड्या पडलेल्या त्वचेला कडक उन्हापासून वाचवण्याचे काम मेलॅनिन या रंगद्रव्यावर आले. हे रंगद्रव्य त्वचेच्या पेशीत केंद्रकावर अक्षरशः छत्री धरल्यासारखे जमते. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो रंगकणांच्या आकारात, प्रकारात आणि मांडणीत. उन्हातील अतिनील किरणांनी रक्तातील फोलेट नष्ट होते. फोलेट हे ब गटातील जीवनसत्त्व आहे, आणि गर्भधारणेच्या पहिल्या चार आठवड्यांत ज्या नलिकेतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती नीट मिटण्यासाठी ते लागते. नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली सविस्तर मांडलेल्या आणि आज मोठ्या प्रमाणावर मान्य असलेल्या स्पष्टीकरणानुसार, गडद त्वचा टिकली ती मुख्यतः हे फोलेट राखण्यासाठी. फॉलिक ॲसिड हे त्याच फोलेटचे गोळीतील रूप. म्हणजे बाळाच्या हितासाठी जे द्रव्य गोळीतून दिले जात होते, त्याचीच राखण करणारा रंग बाळाला मिळू नये म्हणून शेजारी दूध आटवले जात होते.

उत्तरेकडे, जिथे ऊन मंद, तिथे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होण्यापुरते किरण आत यावेत म्हणून त्वचा फिकट होत गेली, आणि तीही बरीच अलीकडे. ब्रिटनमध्ये सुमारे १०,००० वर्षांपूर्वी राहणाऱ्या आणि आज ‘चेडर मॅन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाची त्वचा बहुधा गडद होती, असे २०१८ मध्ये त्याच्या डीएनएवरून दिसले. फिकटपणाशी निगडित असा एक महत्त्वाचा जनुकीय बदल २००५ मध्ये झेब्राफिश या छोट्या माशाच्या अभ्यासातून सापडला. तो डीएनएमधील एका अक्षराचा आहे. भारतीयांमध्ये आढळणारा हा बदल आणि युरोपीयांमधला बदल एकाच पूर्वजापासून आलेला आहे, हे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये दाखवले. रंग ठरवणारी अशी अनेक जनुके असल्यामुळे एकाच आईच्या पोटची भावंडे वेगवेगळ्या रंगांची निपजतात, आणि त्यावरून कुळ, जात किंवा बुद्धी यांचा काहीही अंदाज करता येत नाही.

तसा अंदाज करू पाहणारे शास्त्र एकेकाळी होते. ऑस्ट्रियात जन्मलेले मानवशास्त्रज्ञ फेलिक्स फॉन लुशान यांनी रंगीत काचेचे ३६ तुकडे बनवले होते; ते माणसाच्या कातडीशेजारी धरून त्याचा वर्ण नोंदवायचा. दोन निरीक्षकांच्या नोंदी अनेकदा जुळत नसत. याच विचारांचे वजन असलेल्या बर्लिनच्या संस्थेत आपल्या इरावती कर्वे संशोधनासाठी गेल्या आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असा मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनी मांडला. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा हे आपल्या जाहिरातींतील शब्द मला त्या काचेच्या तुकड्यांसारखेच वाटतात.

यात केवळ मन दुखावते असेही नाही. त्वचा गोरी करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही बेकायदा क्रीममध्ये पारा असतो. तो मेलॅनिन बनवणारे विकर (एन्झाइम) रोखतो, पण त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडे निकामी करू शकतो. अकोल्यातील एका कुटुंबातील मायलेकींना अशाच क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे २०२३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघडकीस आले होते.

एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने २०२० मध्ये रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. आपणही अर्जातील ‘वर्ण’ हा रकाना काढावा, आणि जाहिरातदाराने मजकुरात ‘गोरी’, ‘उजळ’ असे शब्द लिहून आणले तर ते वगळण्याची विनंती खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी करावी. भाचीचा अर्ज मी तो रकाना रिकामा ठेवूनच आपल्या कार्यालयात देणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा