मोबाइल, बटाटा आणि चष्मा

‘मोबाइलमुळे मुले निराश’ अशा मथळ्यांतला ‘मुळे’ खटकतो. अशी बहुतेक सर्वेक्षणे फक्त सहसंबंध (दोन गोष्टी एकत्र आढळतात का, एवढेच) मोजतात; कोणामुळे काय झाले, हे त्यातून कळत नाही. उलट, उदास मूलच मोबाइलमध्ये डोके खुपसून बसत असेल, किंवा घरातली भांडणे दोन्हींच्या मुळाशी असतील. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक ब्रिटिश-अमेरिकी किशोरांची माहिती तपासली. या किशोरांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचा संबंध मोबाइल-संगणक वापराशी लागला. त्याच माहितीत मनःस्वास्थ्याशी बटाटे खाण्याचा संबंध जवळपास तेवढाच नकारात्मक, चष्म्याचा तर त्याहून जास्त! मग काय, मुलांचे चष्मे काढून घ्यायचे? (माझ्या नातवाला हे आकडे कळू देऊ नका.) मथळ्यात निदान ‘संबंध आढळला’ एवढेच छापावे.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा